सेफ्टी ऑडिटवाल्यांना बोलावलं होतं, त्याचा अनुभव (फिरण्याला पाच स्टार, रिपोर्टला दोन)

आधीच सांगतो, कंपनीचं नाव टाकत नाहीये. काही गोष्टी फार चांगल्या झाल्या, काही वैताग आणणाऱ्या, आणि माझ्या एका पोस्टमुळे कोणाचा धंदा बसावा असं काही नाही. पण ऑडिट घ्यायचं म्हणजे नक्की कशाचे पैसे मोजायचे हे आम्हाला तेव्हा अजिबात कळत नव्हतं, तर जे आत्ता त्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आमचा सेटअप असा की एकाच शेडमध्ये पुढे छोटं प्रेस शॉप (पत्रा दाबून घडवायची मशीनं), मध्ये असेंब्ली आणि पॅकिंगचा कन्व्हेयर, मागे गोडाऊन, चार लेव्हलचे रॅक, दोन फोर्कलिफ्ट. मी स्टोअर आणि डिस्पॅच बघतो. ऑडिटचं निमित्त काय, तर एका पोराच्या पायावरून भरलेल्या हँड पॅलेट ट्रकचं (माल ओढायच्या हातगाडीचं) चाक गेलं. बूट चांगला होता म्हणून बोटं वाचली, नाहीतर... (आयएसओ २०३४५ वाल्या बुटाची पुढची टोपी २०० जूलचा मार आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसेल अशी टेस्ट केलेली असते, तेव्हापासून मी हे आकडे पाठ म्हणून दाखवतो.) पोरगं दुसऱ्या दिवशी कामावर आलं, पण साहेब मात्र हादरले आणि म्हणाले बाहेरचा माणूस आणून सगळं बघून घ्या एकदा.

दोन माणसं आली. एक सिनियर सर, ब्लेझर वगैरे, लॅपटॉप. आणि एक मॅडम, वय फार नसेल, पाठीवर सॅक, सॅकमधून एक मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी बाहेर आलेली. सर कॉन्फरन्स रूममध्ये बसले आणि आमच्या फाइली मागवल्या. मॅडम म्हणाल्या मला फ्लोअरवर सोडा, कोणीतरी एक जण बरोबर द्या. तो एक जण म्हणजे मी. पुढचे दोन दिवस मी त्यांच्या मागे फिरलो आणि खरं सांगायचं तर या सगळ्या खर्चातलं वसूल झालेलं जे काही आहे ते त्या दोन दिवसांतलं आहे.

पहिला थांबा रॅक. मला वाटलं वर बघतील, माल नीट लावलाय का, पट्ट्या मारल्यात का. त्या सरळ गुडघ्यावर बसल्या आणि कोपऱ्यातल्या अपराइटला, म्हणजे रॅकच्या उभ्या खांबाला, ती पट्टी उभी लावली. तो अपराइट दीडेक वर्षापूर्वी फोर्कलिफ्टने ठोकला होता, सगळ्यांना माहीत होतं, रोज बघून बघून डोळ्याला सवय झालेली, वर पिवळा रंग पण मारला होता आम्ही. पट्टी आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत त्यांनी छोटी स्केल घातली, ७ मिमी. मी म्हटलं सात मिमीच ना मॅडम, एवढं काय त्यात. त्यांनी शांतपणे समजावलं, की ईएन १५६३५ नावाचं रॅकचं स्टँडर्ड आहे, त्यात एक मीटर लांबीत अपराइट बीमच्या (माल ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्टीच्या) दिशेने वाकला असेल तर ५ मिमीपर्यंत चालतो, पण आयलमधून (रॅकमधल्या रस्त्यातून) ठोकर बसून आत, म्हणजे फ्रेमच्या दिशेने वाकला तर फक्त ३ मिमी. मधल्या तिरक्या ब्रेसिंगला १० मिमी. मर्यादेच्या आत असेल तर हिरवा, लक्ष ठेवा. मर्यादेपासून दुपटीपर्यंत अंबर, म्हणजे आहे तो माल उतरला की दुरुस्तीशिवाय पुन्हा भरायचा नाही. दुपटीच्या वर गेला की लाल, आत्ताच्या आत्ता खाली करा. आमचा ठोकर बसून आत वाकलेला, ७, तीनची दुप्पट ६, झालं लाल. त्या अपराइटवर दोन्ही बाजूंचे बे (दोन खांबांमधले कप्पे) टेकलेले, चार लेव्हल, त्याच्याखाली उभं राहून आम्ही रोज पिकिंग (ऑर्डरचा माल काढणं) करत होतो.

त्याच संध्याकाळी दोन्ही बे रिकामे केले. डिस्पॅचवाले चिडले, जागा नव्हती, माल आयलमध्ये उभा राहिला, एक दिवस नुसता गोंधळ. मेंटेनन्सचा आमचा मित्र म्हणाला गॅसने गरम करून सरळ करून देतो की, दहा मिनिटांचं काम. मॅडम जवळजवळ ओरडल्याच. हा पत्रा थंड रोल करून घडवलेला असतो, गरम केला की त्याची ताकद गेली, दिसायला सरळ आणि आतून पोकळ भोपळा. कंपनीचाच पार्ट मागवून बदलायचा, दुसऱ्या मेकचा सुद्धा नाही.

आणि रॅकवरच दुसरी गोष्ट निघाली जी मला आयुष्यात कळली नसती. रॅकच्या टोकाला लोडची पाटी असते ना, एका लेव्हलला इतके किलो, पूर्ण बेला इतके. आमच्या एका रांगेत उंच पॅलेट बसावेत म्हणून आम्ही कधीतरी पहिला बीम वर सरकवला होता. पाटी तीच, जुनी. मॅडमनी विचारलं हा बीम मूळ जागी आहे का, मी म्हटलं नाही, सोयीसाठी वर घेतलाय. तर म्हणाल्या मग ही पाटी आता खोटी आहे. जमिनीपासून पहिल्या बीमपर्यंत खांब जितका उंच मोकळा राहतो तितका तो लवकर दुमडतो, म्हणजे बीम वर नेला की पूर्ण बेची क्षमता कमी होते, बीम तोच, खांब तोच, तरीही. एक लांब फूटपट्टी आणि एक आखूड फूटपट्टी उभी धरून वरून दाबून बघा, म्हणाल्या. मी घरी जाऊन खरंच बघितलं. लांबवाली लगेच वाकते!

बीमच्या टोकाच्या सेफ्टी पिना पण मोजल्या त्यांनी, बऱ्याच गायब होत्या. ही पीन नसली आणि फोर्कलिफ्टचा फोर्क खालून चुकून बीमला लागला तर बीम खाचेतून उचकटून निघतो. पीन म्हणजे बोटाएवढा लोखंडाचा तुकडा. आमच्या ड्रॉवरमध्ये मूठभर पडल्या होत्या.

आता फोर्कलिफ्ट. आम्ही ऑडिटच्या आधीच दोन्ही गाड्यांना ते निळे लाइट बसवले होते, जे पुढे जमिनीवर निळा ठिपका टाकतात, आणि मी मोठ्या अभिमानाने दाखवायला गेलो. मॅडमनी नाव ठेवलं नाही, पण डॉकच्या (ट्रक लावून माल चढवायच्या जागेच्या) तोंडाशी उभं करून विचारलं, दिसतोय का ठिपका? भर दुपारी दिसतोय कुठला. आत अंधाऱ्या आयलमध्ये आणि आंधळ्या कोपऱ्यावर तो खरंच कामाचा आहे, हे मी आजही म्हणेन, पण त्या भरवशावर बाकी सगळं सोडून द्यायचं नाही. मग त्या जवळजवळ पाऊण तास एका जागी नुसत्या उभ्या राहिल्या आणि कागदावर रेघा मारत बसल्या. मला वाटलं टाइमपास चाललाय. रेघा कसल्या होत्या तर माणसं फोर्कलिफ्टचा रस्ता किती वेळा ओलांडतात त्याच्या. पाऊण तासात चाळीसच्या वर! आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त कशासाठी? लेबलचा प्रिंटर आयलच्या पलीकडे होता म्हणून. पॅकिंगवाला लेबल काढायला पलीकडे जाणार, घेऊन परत येणार, दिवसभर. कधी काळी तिथे सॉकेट होता म्हणून प्रिंटर तिथे ठेवला गेला, बस, एवढंच कारण.

प्रिंटर अलीकडे आणला. एक केबल ओढली. खर्च जवळपास शून्य आणि निम्मी क्रॉसिंग बंद. आम्ही त्याच जागी आधी काय काय केलं होतं माहितीये? पिवळे पट्टे, गोल आरसा, "सावकाश चालवा" ची पाटी, हॉर्न वाजवायचा नियम, दर सोमवारी टूलबॉक्स टॉक (सेफ्टीवर छोटी चर्चा). धोका मुळातूनच काढून टाकायचा, ते नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू वापरायची, मग गार्ड-बॅरियर, मग नियम आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-हातमोजे, हा क्रम सेफ्टीच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये पिरॅमिड काढून दाखवतात, मी पण दहा वेळा बघितलाय. पण तो प्रिंटर हलेपर्यंत माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

ड्रायव्हरशी पण बोलल्या त्या. आमचा जुना ड्रायव्हर हाताने एकदम साफ, पण बेल्ट कधी लावत नाही. त्याचं म्हणणं गाडी उलटली तर उडी मारायला मोकळं पाहिजे. हे इतकं पटण्यासारखं वाटतं ना, मला पण पटलं होतं. मॅडम म्हणाल्या दादा, गाडी आडवी पडते तेव्हा तुमची उडी पण त्याच बाजूला पडते आणि वरून ओव्हरहेड गार्डचा, म्हणजे डोक्यावरच्या पिंजऱ्याचा, पाइप येतो. बेल्ट लावायचा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, आणि गाडी ज्या बाजूला पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. मग त्यांनी चॉकने जमिनीवर त्रिकोण काढला. पुढची दोन चाकं आणि मागच्या अॅक्सलचा मधला पिव्हॉट, हे तीन कोपरे, गाडी आणि माल दोघांचं मिळून गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या बाहेर गेलं की गेली. माल वर उचलून वळण घेतलं की ते बाहेर जायला वेळ लागत नाही. ड्रायव्हर पंधरा वर्षं गाडी चालवतोय, म्हणाला चार चाकांची गाडी तीन पायांवर उभी आहे हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आता लावतो बेल्ट. बहुतेक वेळा.

दुसऱ्या दिवशी प्रेस शॉप. इथे माझं डोकं खरंच सुन्न झालं. आमच्या एका प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे किरणांचा पडदा आहे, हात आत गेला की मशीन थांबतं, ऑडिटर आला की आम्ही कौतुकाने हात घालून दाखवतो. मॅडमनी हात घालायला नाही सांगितलं. स्टॉप टाइम मापायचं यंत्र लावलं. सिग्नल तुटल्यापासून स्लाइड (प्रेसचा खाली येणारा भाग) पूर्ण थांबेपर्यंत ०.२ सेकंद. मग कर्टनपासून डायपर्यंतचं (पत्रा जिथे दाबला जातो तिथपर्यंतचं) अंतर मोजलं, २५ सेमी. म्हणाल्या आता गणित करा, आयएसओ १३८५५ मध्ये (सुरक्षित अंतराचं स्टँडर्ड) हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात, ०.२ सेकंदात हात किती जाईल? ४० सेमी. म्हणजे माणसाचा हात डायमध्ये पोचतो तेव्हा मशीन अजून खाली येतच असतं. आणि हे नुसतं बोट पकडणाऱ्या बारीक कर्टनचं, किरणांमधलं अंतर जास्त असलं तर त्यात अजून काही सेंटिमीटर वाढवायचे. शिवाय ब्रेक झिजत जातो तसा थांबायचा वेळ वाढतो, म्हणून हे एकदा मोजून सोडून द्यायचं काम नाही. कर्टन एकदम बरोबर चालत होता, लाल-हिरवा दिवा लागत होता, सगळं ओके. फक्त चुकीच्या जागी बसवला होता. जो बसवून गेला त्याने ब्रॅकेट जिथे सोयीचं तिथे मारलं आणि आम्ही सही करून दिली.

शेजारच्या जुन्या पिन क्लचवाल्या प्रेसला पण कर्टन लावू म्हणून आम्ही कोटेशन मागवलं होतं. मॅडम म्हणाल्या पैसे फेकू नका, हा प्रेस एकदा सुटला की पूर्ण फेरा मारल्याशिवाय थांबतच नाही, मधे थांबवायची सोयच त्याच्यात नाही, कर्टन काय करणार. त्याला हात आत जाणारच नाही असा फिक्स गार्ड करा, फटीतून फक्त पत्रा जाईल. एवढं एक वाक्य ऐकायला मिळालं तरी फी वसूल, असं मेंटेनन्सवाला म्हणाला, आणि तो सहसा कोणाचं कौतुक करत नाही.

बेंच ग्राइंडर तर लाज वाटावी असा. टूल रेस्ट (जॉब टेकवायचा आधार) आणि चाकामधली फट ३ मिमीच्या आत पाहिजे, आमची ११. वरची जीभ (गार्डवरची सरकती पट्टी) चाकापासून ६ मिमीच्या आत पाहिजे, ती तर नव्हतीच, कोणीतरी काढून ठेवलेली. फट वाढली की छोटा जॉब त्या फटीत ओढला जातो, बरोबर बोट जातं, नाहीतर चाक फुटतं. चाक झिजतं तसं रेस्ट पुढे घ्यायचा असतो, मशीन बंद करून, हे काम कोणाचं? कोणाचंच नाही. ग्राइंडर सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही. आणि चाक बदलताना लाकडी मुठीने टिचकी मारून ऐकायचं, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. आपल्याकडे माठ घेताना वाजवून घेतात तसं अगदी. तिथेच एक जण हातमोजे घालून ड्रिल मशीनवर काम करत होता, मला वाटलं शाबासकी मिळेल, तर मॅडमनी पहिले ते काढायला लावले. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा धागा अडकला की मागे हात पण जातो.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला कन्व्हेयरवर, आणि तिथे त्यांनी मशीन बघितलंच नाही आधी. ऑपरेटरला विचारलं, खोका अडकला की काय करता? तो म्हणाला काही नाही मॅडम, लाल बटण दाबतो आणि काढतो. कसा काढता दाखवा. त्याने बटण दाबलं, गार्ड उचललं, कोपरापर्यंत हात आत. दिवसातून किती वेळा? मोजत नाही, दहा-बारा. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, की इमर्जन्सी स्टॉप म्हणजे स्वीच ऑफ नव्हे. ते बटण फक्त कंट्रोलला थांब म्हणतं, मेन सप्लाय तसाच जिवंत, कोणी बटण फिरवून सोडलं, पलीकडून स्टार्ट दाबलं, की सुरू. आणि तुमचा पुशर, खोका ढकलणारा, हवेच्या दाबावर चालतो. वीज पूर्ण बंद केली तरी सिलिंडरमध्ये हवा दाबून बसलेली असते, अडकलेला खोका निघाला की पुशर झटक्यात पुढे येतो, तेव्हा हात कुठे असतो? खोक्यावर.

मग लॉकआउट, म्हणजे मशीन बंद करून कुलूप लावणं, सुरू केलं. आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मेन स्वीच) खाली पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप, हवेचा व्हॉल्व्ह असा बदलला की बंद केल्यावर आतली हवा बाहेर सोडतो आणि त्यालाही कुलूप लागतं. एक माणूस एक कुलूप एक किल्ली, किल्ली खिशात. तिघे जण काम करत असतील तर सहा भोकांची जी लोखंडी कडी मिळते त्यात तीन कुलुपं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुलूप लावल्यावर स्टार्ट बटण दाबून बघायचं, सुरू होत नाही ना. पहिल्याच आठवड्यात असं दाबून बघताना एक मशीन चालू झालं! पॅनलवर आयसोलेटरची नावं उलटी लिहिली होती, २ ला ३ आणि ३ ला २. किती वर्षं तशी होती देवाला माहीत.

पण दिवसातून बारा वेळा कोणी कुलूप लावणार नाही, हे मॅडमना पण कळत होतं. म्हणून पुढचा प्रश्न, खोका मुळात अडकतो कशामुळे? तर वळणावरची एक साइड गाइड ढिली होती. ती घट्ट केली, एक रोलर बदलला, आता आठवड्यातून दोनदा अडकतो. ही अशी कामं रिपोर्टमध्ये सेफ्टी म्हणून येतच नाहीत.

आणि आता रिपोर्टवर येतो, म्हणजे भांडणाच्या मुद्द्यावर.

तीन आठवड्यांनी आला. ९२ पानं. पहिली पंधरा पानं सेफ्टीचं महत्त्व वगैरे. ३८ व्या पानावर एका पिवळ्या ओव्हरहेड क्रेनचा फोटो आणि हूकच्या लॅचबद्दल शेरा. आमच्याकडे क्रेन नाही. कुठल्यातरी दुसऱ्या कारखान्याचं पान आमच्यात आलंय, म्हणजे आमचं पान पण कोणाकडे तरी गेलं असणार. "कामगारांना योग्य प्रशिक्षण द्यावे" हे वाक्य मी शोधून मोजलं, ३१ वेळा. लाइट कर्टनच्या पुढे सुद्धा तेच! अरे २५ सेंटिमीटरवर बसवलेल्या कर्टनला प्रशिक्षण देऊन तो ४० वर जाणार आहे का? आणि धोक्याला मार्क द्यायची जी पद्धत आहे, होण्याची शक्यता गुणिले परिणाम, त्यात ग्राइंडरला १२ आणि वॉटर कूलरपाशी सांडलेल्या पाण्याला पण १२. दोन्ही पिवळ्या रंगात शेजारी शेजारी. साहेबांनी अर्थातच आधी वॉटर कूलर दुरुस्त केला, सोपा होता ना. हा रिपोर्ट सरांनी लिहिलाय हे उघड आहे. मॅडमच्या वहीतलं निम्मं त्यात आलंच नाही, प्रिंटरचा तर उल्लेख पण नाही. नशीब मी माझ्या डायरीत सगळं लिहून घेतलं होतं.

ट्रेनिंग पण पॅकेजमध्ये होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर, दीड तास, एसी रूम, काय झालं असेल ते समजून घ्या. सरांनी तो प्रसिद्ध त्रिकोण दाखवला, एका मोठ्या अपघातामागे २९ छोटे आणि ३०० असे की ज्यात कोणाला लागलंच नाही. हा आकडा हाइनरिशचा, १९३१ चा, विमा कंपनीच्या कागदांवरून काढलेला, आणि त्यावर नंतर भरपूर टीका झालीये, हे प्रमाण सगळीकडे लागू पडतं असं काही नाही. छोट्या खरचटण्या कमी केल्या म्हणून मोठा स्फोट आपोआप टळत नाही, दोघांची कारणंच वेगळी असू शकतात. सर मात्र देववाणी असल्यासारखं सांगत होते. नियर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) लिहून ठेवा हा सल्ला मात्र सोळा आणे खरा, त्यावर वाद नाही. फक्त लिहिणाऱ्याला कोणी झापलं की दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहते. आमची राहिली होती दोन महिने, एका सुपरवायझरच्या कृपेने.

त्यांच्याकडून सुटलेल्या गोष्टी पण सांगतो. डॉकवर जेमतेम पाच मिनिटं थांबले दोघंही. आणि आमच्याकडे महिन्याभराने काय झालं, फोर्कलिफ्ट ट्रकच्या आतून नुकतीच बाहेर आली आणि ट्रक निघाला, ड्रायव्हरला वाटलं झालं लोडिंग. दहा सेकंदांचा फरक. गाडी अर्धी आत अर्धी बाहेर असती तर... जाऊ दे. आता ट्रक लागला की चाकाला लाकडी ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळा) आणि ट्रकची किल्ली डॉकच्या खिळ्यावर, लोडिंग संपल्यावर डॉकवालाच परत देतो. हे आमचं आम्ही केलं. फोन करून त्यांना सांगितलं तर मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या हो, सुटलं आमच्याकडून. सर म्हणाले स्कोपमध्ये नव्हतं.

रात्रपाळी बघितली नाही, ही दुसरी मोठी तक्रार. दिवसा सुपरवायझर चार असतात, रात्री एक. दिवसा जे गार्ड जागेवर असतं ते रात्री काढून भिंतीला टेकवलेलं असतं, हे आम्हा सगळ्यांना माहिती आहे आणि कोणी बोलत नाही.

छोट्या छोट्या दोन-तीन गोष्टी पटापट लिहितो. मागचा इमर्जन्सी दरवाजा मॅडमनी स्वतः ढकलून बघितला, वीतभर उघडला आणि अडला, बाहेरून आम्हीच रिकामे पॅलेट रचलेले. १९११ मध्ये न्यूयॉर्कला ट्रायंगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली त्यात १४६ माणसं गेली, एका जिन्याचा दरवाजा कुलूपबंद होता, हे मी वाचलेलं होतं, आणि तरी पॅलेट ठेवणारा मीच. बॅटरी चार्जिंगच्या जागी वरचा पंखा बंद, लेड अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते, आणि तो हलका असतो म्हणून छताशी साठतो. तिथल्या डोळे धुवायच्या नळाला आधी गंजकं तांबडं पाणी आलं. आता दर आठवड्याला सोडून बघतो, कारण अॅसिड गेलं तर सलग १५ मिनिटं धुवावं लागतं आणि त्या वेळी कोणी पाणी साफ यायची वाट बघत नाही. आवाजाचं मीटर लावलं तर एअर गनपाशी ९४ डेसिबल. ८५ ला आठ तास धरले तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे ९४ ला एकच तास. नोझल बदलले, आवाज बऱ्यापैकी उतरला, ईअरप्लगचा डबा आहेच.

मग घ्यावं का ऑडिट? घ्या, पण आधी विचारा की फ्लोअरवर कोण फिरणार, त्या माणसाशी फोनवर बोला, आणि त्याच्या सॅकमध्ये काय असतं ते विचारा. जो फाइली मागतो त्याच्यापेक्षा जो पट्टी आणि मीटर घेऊन येतो तो बरा. रिपोर्ट दहा पानांचा चालेल, पण प्रत्येक मुद्द्यापुढे कोणी, कधीपर्यंत, आणि नक्की काय बदलायचं ते पाहिजे असं आधीच लिहून घ्या. फॉलोअप व्हिजिट ६० दिवसांत म्हणाले होते, तीन मेल टाकल्यावर चौथ्या महिन्यात तारीख मिळाली, त्याचा अर्धा स्टार कापला. एकूण साडेतीन.

लाइट कर्टन पुढे घेतलाय, ४५ सेमीवर, मधल्या मोकळ्या जागेत कोणी उभं राहू नये म्हणून बाजूने जाळी. मेंटेनन्सवाल्याने त्याच्या कपाटात एक मीटरची पट्टी आणून ठेवलीये आणि दर महिन्याला रॅकला लावून बघतो, परवा अजून एक ४ मिमीचा सापडला, फोर्कलिफ्टवाला म्हणतो मी नाही ठोकला. पुढची व्हिजिट रात्री अकरा ते तीनची मागितलीये आणि मॅडमच येणार हे मेलवर लेखी घेतलंय.